न पटणाऱ्यांची राखण

सकाळपासून यूपीएस कुईकुई करतोय. बाहेर पाऊस असा काही विशेष नाही, पण अमावास्या जवळ आली की मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते आणि मग आभाळाकडे. पेणमध्ये वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरतीसुद्धा आळसावलेली. उधाणाच्या दिवसांत खाडी कुठवर चढेल ते वाऱ्यावर आणि वरून नदी किती पाणी घेऊन येते त्यावर. शेजारच्या गल्लीतून गणपतींच्या रंगाच्या फवाऱ्याचा वास येतो, डब्यातले पापड मऊ पडतात, भिंतीला मीठ फुटतं, आणि माझा मूळचाच संशयी स्वभाव या हवेत आणखी फुगतो.

संशय हा आमच्या घरातला वडिलोपार्जित दागिना. विश्वास पानिपतात गेला तो आमच्याकडे परत आलाच नाही. माझे वडील, अण्णा, शाळेत गणित शिकवायचे. दुधात पाणी असलं की ते दूधवाल्यावर चिडत, आणि नसलं की दिवसभर अस्वस्थ असत, आज याला काय हवं असेल म्हणून. बाहेर जाताना कुलूप लावून ओढून बघत, मग मला ओढायला लावत, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मी नीट ओढलं होतं का असं विचारत. किल्ली मात्र एकाच माणसाकडे असली पाहिजे, हा त्यांचा नियम. एकाकडे किल्ली असली की काही बिनसलं तर विचारायचं कुणाला हे कळतं, असं ते म्हणत. मी कॉम्प्युटर शिकले, पुण्यात नोकरी केली, परत पेणला येऊन स्वतःचं ऑफिस थाटलं, तरी हा नियम माझ्याबरोबर आला.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, मी, माझा भागीदार मिलिंद आणि रोह्याकडची, पावसाळ्यात घरूनच काम करणारी सायली. आम्ही प्रोग्राम लिहितो. सगळ्यात मोठं काम एका बस कंत्राटदाराचं आहे. नागोठणे-रोह्याच्या पट्ट्यात कंपन्यांच्या शिफ्टला माणसं नेणाऱ्या त्याच्या बसेस आहेत. कुठल्या शिफ्टला कुठली बस, ती कुठल्या फाट्यावर थांबणार, नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं तर कुठून वळसा घालणार, हे सगळं आमचा प्रोग्राम ठरवतो.

मिलिंदने सोमवारी तो जुना विषय पुन्हा काढला. आमच्या प्रोग्रामची पूर्ण प्रत, पहिल्या दिवसापासून झालेल्या सगळ्या बदलांसकट, प्रत्येकाकडे असावी, की सगळं एकाच मशीनवर असावं आणि बाकीच्यांनी लागेल तेवढं तिथून घ्यावं, तिथेच परत ठेवावं. त्याला पहिल्यासारखं एकच मशीन हवं आहे, त्याच्या टेबलाखाली. खाडीकाठच्या कुणाच्या घरात आपलं सगळं पडलेलं असतं, हे त्याला झोपेतसुद्धा टोचतं. उत्तर आज द्यायचं आहे, आणि ते मशीनबद्दल असलं तरी त्यावर सायलीची नोकरी ठरणार आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. म्हणून आज मला ते मशीन बंद झालं ते वर्ष आठवतंय.

तेव्हा सगळं टेबलाखालच्या मशीनवरच होतं. या क्षेत्रात त्याला सेंट्रल म्हणतात, आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. ज्याला काम करायचं त्याने मशीनवरून फाईल घ्यायची. घेतली की तिला कुलूप लागायचं. परत ठेवली की कुलूप निघायचं. अण्णांना फार आवडली असती ही व्यवस्था. मला तर आवडायचीच. दोघांनी एकाच वेळी एकाच जागी हात घालायचा नाही, भांडण नाही, गोंधळ नाही, सात सुगरणी आणि भाजी अळणी व्हायचा प्रश्न नाही. फक्त मिलिंद फाईल घेऊन तसाच गिऱ्हाइकाकडे निघून गेला की आम्ही दोघी त्याची वाट बघत पापड खात बसायचो.

त्या वर्षी पावसाळ्यात सायली घरून काम करायला लागली. बाळ लहान होतं, आणि रोह्याच्या खालच्या अंगाला, कुंडलिकेच्या खाडीकाठी असलेल्या तिच्या सासरच्या गावाहून रोज स्टेशनपर्यंत येणं पावसात जमत नव्हतं. तिचं काम मशीनला जोडल्याशिवाय होत नसे. मशीनला जोडायला नेट लागायचं, आणि त्या गावात पाऊस पडला की नेट जायचं. दुपारी तिचा फोन यायचा, आवाज तुटत तुटत. "ताई, मशीन लागत नाय." मग मी तिने घेतलेल्या फाईलचं कुलूप काढायचे, आणि मनात म्हणायचे, खरंच लागत नाही, की बाळ रडतंय. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण बायकांना न बोललेलं आधी ऐकू येतं.

आणि मग एका उधाणातली ती सकाळ. कोरडा दिवस, नागोठण्याचा रस्ता मोकळा, आणि आमच्या प्रोग्रामने पहिल्या शिफ्टच्या बसला पुराचा वळसा दिला. ड्रायव्हरने कागद बघितला आणि मुकाट वळसा घातला. खालच्या फाट्यावर पॅकिंगमधल्या बायका डबे घेऊन उभ्या राहिल्या, बस आलीच नाही. त्यांचा दिवस भरला नाही. कंत्राटदाराचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रिसीव्हरबाहेर अख्ख्या खोलीत पसरला.

पुराचा वळसा कोणीतरी चालू करून ठेवला होता. कोणी, ते मशीनला विचारलं. मशीन म्हणालं, ऑफिस. कारण सोय म्हणून आम्ही तिघंही एकाच नावाने आत शिरायचो, आणि ते नाव होतं ऑफिस. पेणमधल्या निम्म्या दुकानांत असंच चालतं, गल्ल्याला हात सगळ्यांचा आणि पावती दुकानाच्या नावाची. इतकी वर्षं ज्या एका किल्लीवर मी निर्धास्त होते, ती खुंटीला टांगलेली होती आणि येणारा-जाणारा घेत होता.

मिलिंदने फोन स्पीकरवर लावला. "परवा ती फाईल तुझ्याकडे होती ना, सायली?"

"परवा होती, दादा. काल आमच्याकरं नेटच नव्हतं. उघरली पन नाय."

"नव्हतं कशावरून?"

"नव्हतं ता कसं दावू?" ती म्हणाली, आणि फोन तुटला. तो तिने ठेवला की नेटने, यावर मिलिंदने आणि मी त्या दिवशी वेगवेगळी मतं बाळगली.

आतल्या खोलीत मिलिंद म्हणाला, "गणपती होऊ देत. मग तिच्या जागी पेणमधलीच एखादी मुलगी बघू." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला दोघांचाही संशय होता. मिलिंद फाईल उघडी टाकून जेवायला जातो. सायलीला बाळामुळे झोप नाही. आणि मी स्वतः त्या आठवड्यात तापाने कणकणत काम करत होते. तिघांपैकी कुणीही असू शकलं असतं, आणि कोण ते सांगणारी एकही खूण उरलेली नव्हती. ते आजही कुणाला माहीत नाही.

दोन दिवसांनी सायली रोह्याच्या गाडीने आली. रेनकोटची टोपी तशीच डोक्यावर, बाळ सासूकडे ठेवलेलं. ती खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "ताई, काढायचं तर काढा. पन जवर ठेवता तवर मना सगल्याची कॉपी पायजे. मागचं सगलं धरून."

"सगळ्याची? कशाला?"

"खांड परली की नाव आमचंच येतं. माझ्याकरं काय होतं, कवा होतं, ता मना दावता आलं पायजे."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. तो शब्द तिने सहज वापरला, पण मला तो बरोब्बर जागी लागला. खाडीकाठी आमचीही खाऱ्या जमिनीतली भातशेती होती, अण्णांच्या वडिलांच्या वेळी. कुळं कसायची. एका उधाणात बांधाला खांड पडली, खारं पाणी शिरलं आणि पुढे काही वर्षं तिथे गवताशिवाय काही उगवलं नाही. आमच्या घरात ती गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जाते, की कुळांनी जिताड्याच्या लोभाने बांध कापला, पाणी आत घेतलं की मासा आत येतो म्हणून. हीच गोष्ट कुळांच्या घरात, मालकाने बांधाला मातीच घातली नाही, अशी सांगितली जात असणार. ते ऐकायला आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नाही.

प्रत्येकाकडे सगळं, ही दुसरी पद्धत मला ऐकून माहीत होती. डिस्ट्रिब्युटेड म्हणतात तिला, मोठमोठ्या कंपन्यांतली मुलं तिच्याशिवाय काम करत नाहीत. मला तिचा मनापासून संशय होता. दोन संध्याकाळी मी ती उलटीपालटी करून बघितली. नेट नसलं तरी माणूस आपल्या प्रतीत काम करू शकतो, आपले बदल नोंदवू शकतो, आणि नेट आल्यावर बाकीच्यांशी जुळवून घेतो, हे सायलीच्या सोयीचं. एकाने मागची एखादी नोंद गुपचूप खोडली तर त्याची प्रत बाकीच्यांच्या प्रतींशी जुळत नाही, चोरी उघडी पडते. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. इतके दिवस मला वाटत होतं की ही भोळ्या, एकमेकांना मिठ्या मारणाऱ्या माणसांची पद्धत आहे. पण ही तर आमच्या अण्णांसारख्यांसाठी आहे, जे कुणालाच किल्ली देणार नाहीत.

पण मग पुढचं वाचलं आणि पुन्हा मागे टेकले. प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव येतं, हे खरं. पण ते नाव ज्याचं तोच आपल्या लॅपटॉपवर लिहून ठेवतो. मी सायली लिहिलं तर सायली येईल. म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, फक्त आता पिठाच्या डब्यावर नाव घातलेलं. एका मशीनवरचा माझा विश्वास उडाला होता आणि अनेक मशीनवर बसत नव्हता. शेवटी मी नेहमीचं केलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला निघाले, की सायलीच्या गावात नेट नाही म्हणजे नक्की किती नाही.

रोह्याला उतरून मिनीडोर रिक्षा केली. वाटेत लावणी झालेल्या शेतांत पाणी मावत नव्हतं. गावात शिरल्यापासूनच माझ्या फोनच्या कांड्या एकेक करून गेल्या, आणि सायलीच्या ओटीवर पोचेपर्यंत फोन नुसता घड्याळ झाला होता. मी तो हळूच पर्समध्ये टाकला. तिने ते बघितलं. चहा दिला. चहाला चुलीचा वास होता, आणि सगळ्या घराला खाजणातल्या चिखलाचा.

भर दुपारची भरती होती, अमावास्येची. तिचे सासरे, नामदेवकाका, डोक्यावर प्लॅस्टिक बांधून कोयता शोधत होते. बांध बघायला निघाले होते. उधाणाच्या दिवसांत गावातले लोक पाळीने बांधावर फिरतात, कुठे पाणी झिरपतंय, कुठे खेकड्याने पोखरलंय ते बघत.

"एकटेच जाणार, काका?" मी विचारलं.

"येकटा कोन जातो? बांदावर येकट्यानं जायचा नाय. बालाराम हाय ना."

बाळाराम अंगणाच्या कडेला उभा होता, आमच्याकडे पाठ करून. सायली मला आत घेऊन गेली आणि तोंडावर पदर धरून हसली. "त्या दोगांचं बोलनं नाय, ताई. माझं लगीन झालं तवाधरनं बगते. शेताच्या मेरेवरनं भांडान हाय."

"मग बरोबर कसे जातात?"

काकांनी ते बाहेरून ऐकलं होतं. कोयता कमरेला लावत ते म्हणाले, "म्हून तर बरोबर. दोस्त-दोस्त पाठीवलं तर बसतील दोगं तंबाकू चोलत. आन् खांड परली तर दोगं ठरवून येकच सांगतील. आमचं पटत नाय. तवा दोगांचं सांगनं जुललं, का गाव मानतो."

"आणि नाही जुळलं तर?"

"तं आख्खा गाव जातो बगायला. सायले, दार लाव गो, पानी आत येल."

ते दोघे निघाले. काका पुढे, बाळाराम बराच मागे, दोघांमध्ये एका बैलगाडीचं अंतर. काका ज्या जागी वाकून बघत, त्या जागी बाळाराम पोचल्यावर पुन्हा वाकून बघे, आधीच्याने बघितलं आहे याला काडीची किंमत नसल्यासारखा. बांधाच्या एका बाजूला हिरवंगार भात, दुसऱ्या बाजूला मातकट पाणी, आणि ते पाणी भातापेक्षा उंच. मी दारात उभी राहून बघत होते. इतकं निश्चिंत मला कुणाच्या विश्वासानेही कधी वाटलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी आमच्या जमिनीचा विचार करत होते. आमच्या आजोबांनी बांधावर कधी जोडी पाठवली नाही. कुळ एकटं जायचं, आणि मालक पेणला ओटीवर बसून असायचा. एकट्याला कोण साक्षीदार. त्यामुळे खांड पडली तेव्हा कुळाने कापली असं म्हणायला आजोबा मोकळे होते, आणि मालकाने माती घातली नाही असं म्हणायला कुळ मोकळं होतं. संशय दोन्हीकडे भरपूर होता, पण कुणाच्या उपयोगी पडला नाही. आमच्या टेबलाखालच्या मशीनचंही तेच झालं होतं, असं मला वाटलं, आणि अण्णांच्या एका किल्लीचा पहिल्यांदाच राग आला.

मिलिंदला मी सांगितलं, की सगळ्यांकडे सगळं जाईल. पेणला एक प्रत राहील, तीच बसच्या कंत्राटदाराला मिळेल. पण त्या प्रतीत कुणाचाही बदल एकट्याने जाणार नाही. माझं काम सायली बघेल, तिचं मी बघेन, मिलिंदचं आम्ही दोघी, आणि दोघींचं जुळलं तरच आत. नाव कोणी काय लिहिलंय ते बाजूला राहू दे, बघणारे डोळे दोन घरचे असले पाहिजेत.

"म्हणजे तू केलेल्या कामावर सायली सही करणार?" तो म्हणाला.

"करणार."

"बारभाईंचा कारभार होईल."

"भाई दोनच आहेत. आणि त्यांचं पटत नाही."

त्याला ते विनोदी वाटलं नाही. कंत्राटदार चिकटून राहिला, कारण त्याचं इतकं बोलणं ऐकून घेणारं दुसरं कुणी त्याला मिळालं नसावं. सायली राहिली. तिच्या गावात टॉवर आला, पण पावसात तोही मान टाकतोच. अशा वेळी ती आपल्या प्रतीत काम करत बसते, आणि नेट आलं की आठवडाभराचं सगळं एकदम माझ्यापुढे येऊन पडतं. मग मी चष्मा पुसून बसते आणि तिच्या प्रत्येक ओळीकडे वाकून बघते, काकांनी बघितलेल्या जागी बाळाराम बघत होता तशी. सुरुवातीला तिला राग यायचा. मग तीही माझ्या ओळींवर तशीच वाकायला लागली, आणि राग मला यायला लागला. शिकलेल्या, वयाने मोठ्या, ऑफिस चालवणाऱ्या बाईचं काम रोह्याच्या खालच्या अंगाची मुलगी परत पाठवते, याची सवय व्हायला मला दोन पावसाळे लागले. पूर्ण झाली आहे असं अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आज कालपासून तिचं नेट नाही. म्हणजे ती तसं म्हणते. दुपारी पाऊस थांबला, गल्लीतल्या पोरांनी गणपती उन्हात काढले, आणि स्क्रीनवर तिचं नाव उमटलं. मागच्या आठवड्यात मी पुराच्या वळशात एक सुधारणा केली होती, माझ्या मते अगदी चोख. ती परत आली होती. खाली सायलीने लिहिलं होतं, ती जशी बोलते तसंच.

ताई, बगितलं. पटलं नाय. पानी उतरल्यावर वलसा कोन बंद करनार, ता लिवलंच नाय. बायका परत फाट्यावर उब्या ऱ्हातील.

मी चिडले. तसं काही होणार नाही हे मला माहीत होतं. मग मी ते पुन्हा वाचलं, आणि माहीत असलेलं थोडं डळमळलं. तेवढ्यात मिलिंद दारात आला, हातात छत्री, उत्तर घ्यायला. त्याने मागच्या बाजूने माझ्या स्क्रीनवर वाकून सायलीने लिहिलेलं वाचलं.

"बघ," तो म्हणाला, "तुझ्याच प्रोग्रामवर तुलाच शिकवते. आणि अशा पोरीच्या घरात आपलं सगळं ठेवायचं?"

"ठेवायचं. मशीन परत आणायचं नाही."

"एवढा विश्वास आहे तुझा तिच्यावर?"

"काडीचा नाही," मी म्हटलं. "तिचाही माझ्यावर नाही. म्हणून तर बरोबर."

तो छत्री झटकून निघून गेला. मी सायलीने परत पाठवलेला बदल उघडला आणि तिने दाखवलेल्या जागी वाकून बघायला लागले.